संत्रे परत फेकायचे नसते

बेल्जियममधल्या बँश नावाच्या गावात वर्षातल्या एका मंगळवारी दुपारी सुमारे हजार पुरुष डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा डोलारा घेऊन ढोलांच्या तालावर रस्त्याने सरकत असतात आणि हातातल्या वेताच्या करंडीतून लोकांकडे संत्री टाकत असतात. वाटेवरच्या घरांनी आणि दुकानांनी काचांना आधीच जाळ्या ठोकून ठेवलेल्या असतात. बाहेरगावाहून पाहायला आलेल्याला तिथले लोक एक गोष्ट बजावून सांगतात : आलेले संत्रे झेला, खा, घरी न्या, पण परत फेकू नका. ती भेट असते, आणि भेट परत भिरकावणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. हा उत्सव मराठी मुलाला सांगायचा झाला तर सुरुवात कोणत्या वाक्याने करावी, असे मला विचारले तर मी हेच वाक्य पुढे करीन. गावाचा इतिहास नंतर, दंतकथा त्याहून नंतर, आणि युनेस्कोने २००३ मध्ये या कार्निव्हलचा गौरव केला व २००८ मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ही माहिती मुलाने विचारली तरच. (खरे तर ‘संत्रे’ हा शब्दही इथे पुरता बरोबर नाही. नागपुरी संत्रे ढिल्या सालीचे, हाताने सुटणारे. फेकले तर वाटेतच फुटायचे. बँशमध्ये फेकतात ते घट्ट सालीचे, आतून लालसर असलेले फळ आपल्या मोसंब्याच्या कुळातले आहे. काचांना जाळ्या का लागतात, ते एवढ्यावरून कळावे.)

परदेशी सण मुलांना सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. ‘जगभरातले उत्सव’ अशा नावाच्या पुस्तकात किंवा शाळेतल्या पडद्यावर एक भडक चित्र येते, त्याखाली दोन ओळी : अमुक देशात लोक रंगीबेरंगी कपडे घालून हिवाळ्याला निरोप देतात. मग कागदी ताटलीचा मुखवटा, त्याला रबरी दोरी, आणि पुढचा देश. मुलाच्या मनात उरतो तो एक ‘जोकर’. बँशच्या या पात्राचे नाव झील. तो जोकर नाही. कोणाला हसवण्याचे काम त्याच्याकडे नाहीच. पण नियम आणि कष्ट वगळून नुसते चित्र दाखवले की जगातले प्रत्येक सोंग जोकरच दिसते. माझे म्हणणे असे, की वेशांतराचा परका उत्सव मुलांना त्याच्या अर्थापासून नव्हे, नियमांपासून सांगावा. ‘हे लोक असे का करतात’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मोठ्यांपाशीही नसते. ‘काय केलेले चालते आणि काय चालत नाही’ याचे उत्तर मात्र गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. आणि नियम ही मुलांची मायबोलीच असते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक जाणिवेचा अभ्यास सुरू केला तो गोट्यांच्या खेळापासून. १९३२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाची सुरुवातच गोट्यांचे नियम कोण ठरवतो आणि ते बदलता येतात का, या मुलांशी केलेल्या चर्चेने होते. लगोरीत राज्य कोणावर, टाइमप्लीज कधी म्हणता येते, कच्चा लिंबू कोण, यावर तासभर भांडणाऱ्या मुलाला बँशचा नियम कंटाळवाणा वाटेल, ही भीती मोठ्यांची आहे.

अर्थात नियमाला जागा लागते आणि दिवस लागतो. बँश हे बेल्जियमच्या फ्रेंच भाषक वालोनिया भागातले, एनो प्रांतातले, जुन्या तटबंदीचे छोटे गाव. रोमन कॅथलिक पंचांगात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्याच्या आदले तीन दिवस, रविवार ते मंगळवार, हा कार्निव्हल. उपवास सुरू होण्याआधी खाऊनपिऊन घ्यायचे, ही कल्पना मराठी घरात समजावून सांगावी लागू नये. श्रावणाच्या तोंडावर आषाढी अमावास्येला काय चालते ते मुले पाहतातच. गोव्यातल्या मुलाला तर एवढेही सांगायला नको, कारण तिथला कार्निव्हल याच दिवसांतला आहे आणि त्याचे कोकणी नाव इंत्रुज हे पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून, म्हणजे उपवासकाळात ‘प्रवेश’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. आणखी एक दुवा आकाशात आहे. ईस्टर ठरतो वसंतातल्या पौर्णिमेवरून, आणि त्याच्या सत्तेचाळीस दिवस आधी येणारा हा मंगळवार म्हणून दर वर्षी अमावास्येच्या आगेमागेच पडतो. २०२६ मध्ये कार्निव्हलचा रविवार १५ फेब्रुवारीला होता, त्याच दिवशी आपल्याकडे महाशिवरात्र होती; १७ तारखेचा मंगळवार अमावास्येचाच होता. दर वर्षी इतके नेमके जुळत नाही. कधी महिन्याचे अंतर पडते. पण कॅलेंडरचे पान आणि चंद्र यांच्या मदतीने मुलाला सुमारे सात हजार किलोमीटरवरचा दिवस आपल्या भिंतीवर शोधता येतो, आणि हे काम त्याने स्वतः करावे.

आता तो मंगळवार. त्याची तयारी सहा आठवडे आधी रविवारच्या सरावांनी सुरू झालेली असते. या सरावांना तिथे ‘सुमाँस’ म्हणतात, आणि त्यांत झीलचा पूर्ण पोशाख कोणी घालत नाही. पायांत लाकडी जोडे, कमरेला घंटांचा पट्टा, हातात काटक्यांची जुडी, एवढेच. पूर्ण पोशाख वर्षातून एकदाच, या मंगळवारी. घरातले दिवे पहाटे चारच्या सुमाराला लागतात. जाड कापडाच्या त्या सदऱ्या-विजारीवर लाल, पिवळ्या आणि काळ्या रंगांचे सिंह, मुकुट, तारे शिवलेले असतात. पण अंगात घातला म्हणजे वेश झाला असे नाही. ताज्या पेंढ्याचे पीळ वळून ते सदऱ्याच्या आत, छातीवर आणि पाठीवर, ठासून भरावे लागतात, म्हणजे पुढे पोट आणि मागे कुबड तयार होते. हे काम जाणता माणूस करतो. पेंढा कमी पडला तर दुपारपर्यंत कुबड कमरेला येते, जास्त झाला तर श्वास घेता येत नाही. डोक्याला पांढरे फडके घट्ट बांधायचे, खांद्यावर लेस आणि फितींची झूल, कमरेला घंटांचा पट्टा. घरातल्या बायका त्याआधीपासून जाग्या असतात. इतक्यात दाराशी ढोल वाजतो. ढोलवाला पहिल्या झीलला घेऊन निघतो, दोघे मिळून दुसऱ्याच्या दाराशी जातात, मग तिसऱ्याच्या. अंधारात एकाचे चार, चाराचे दहा होत उजाडेपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून त्यांचे जथे जमतात. पिसांची टोपी तर आणखीच वेगळे प्रकरण. तिचे वजन तीन-चार किलोपर्यंत जाते आणि ती इतकी महाग असते, की बहुतेक जण ती पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करणाऱ्यांकडून भाड्याने आणतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही आपली म्हण बँशमध्ये कुणाला सांगितली तर लगेच पटेल. पाऊस आला तर त्या टोप्या बाहेर निघतच नाहीत.

या सगळ्यावर नियमांचे कुंपण आहे. झील होणारा पुरुष बँशचा असावा लागतो, जन्माने किंवा तिथे बरीच वर्षे राहून. ढोलाच्या साथीशिवाय त्याने रस्त्यावर पाऊल टाकायचे नाही. आणि झील कधीही गाव सोडून जात नाही. कुणी परदेशात बोलावले, मानधन दिले, तरी बँशचा झील परक्या रस्त्यावर नाचत नाही. आसपासच्या गावांतही झील आहेत, ला लूव्हिएरसारख्या ठिकाणी त्यांचा स्वतःचा कार्निव्हल आहे, आणि कोण खरा यावर तिथे धुसफूसही चालते. पण मेणाचा मुखवटा ही बँशची खूण. हा मुखवटा फक्त मंगळवारी सकाळी, थोडा वेळ चढवतात. कापडावर मेण चढवून केलेला गुलाबी चेहरा, हिरवा चष्मा, वर वळवलेल्या मिशा, हनुवटीवर दाढीचा ठिपका. आणि मुख्य गोष्ट अशी, की हे सगळे मुखवटे एकसारखे असतात. डॉक्टर, सुतार, दुकानदार, शिक्षक, सगळ्यांचा चेहरा तोच. नगरभवनापुढच्या चौकात शेकडो एकसारखे चेहरे गोळा होतात. मग मुखवटे उतरतात आणि पुन्हा दिवसभर चढत नाहीत. कार्निव्हल म्हणजे मुखवट्याआड लपून मोकाट सुटणे, अशी आपली समजूत असते. बँशमध्ये मुखवटा घालायला परवानगी जेमतेम एका सकाळची आहे, आणि त्याआड लपण्यापेक्षा सगळ्यांसारखे होणे जास्त आहे. आपल्या शाळांतल्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. तिथे प्रत्येक मूल दुसऱ्यापेक्षा वेगळे दिसावे, परीक्षकांनी त्यालाच पाहावे आणि पहिला नंबर द्यावा, यासाठी आईवडील आदल्या रात्री जागतात. बँशमध्येही लोक रात्रीच उठतात, पण आपला झील दुसऱ्याच्या झीलसारखाच दिसावा म्हणून. तिथे क्रमांक नसतो. चालायला नुकतेच शिकलेले पोरही बापाच्या बोटाला धरून त्याच वेशात, त्याच पेंढ्याच्या पोटासह निघते. सोंग घेण्याचे दोन अगदी उलटे अर्थ मुलाला इतक्या सहज दुसरीकडे कुठे दिसतील असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप गोष्टीच्या बाजूने येईल. मुलांना गोष्ट हवी असते, आणि बँशपाशी तर सुंदर गोष्ट तयार आहे. १५४९ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्‌सचा कारभार पाहणारी हंगेरीची राणी मेरी हिने बँशच्या आपल्या राजवाड्यात भाऊ सम्राट पाचवा चार्ल्स आणि भाचा फिलिप यांच्यासाठी डोळे दिपवणारा सोहळा केला. स्पेनने नुकतेच पेरू जिंकले होते. त्या विजयाच्या आनंदात दरबाऱ्यांनी पिसांचे मुकुट घालून इंका लोकांची सोंगे आणली, गावकऱ्यांनी ती पाहिली, आणि त्यांतून झील जन्माला आला. प्रवासवर्णनांत, मुलांच्या पुस्तकांत, वर्षानुवर्षे हीच गोष्ट सांगितली जाते. सोहळा खरा आहे. त्याची सविस्तर वर्णने तेव्हाच लिहून ठेवलेली आहेत आणि पाचच वर्षांनी, १५५४ मध्ये, फ्रेंच सैन्याने तो राजवाडा जाळला हेही खरे. पण इंकांपासून झील हा धागा १८७२ मध्ये अदोल्फ देल्मे नावाच्या पत्रकाराने जोडला. बँशचे संशोधक साम्युएल ग्लोत्झ यांनी कागदपत्रे तपासून तो तोडला. त्याला फारशी दाद कोणी दिली नाही, कारण गोष्ट गोड होती. झीलचा लेखी उल्लेख सापडतो तो १७९५ चा. नावाचा माग काढायचा तर तो पेरूपेक्षा जवळ, फ्रान्सच्या जत्रांतल्या नाटकांत, लागतो. तिथे ‘झील’ नावाचे एक भोळसट पात्र असे, आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले वात्तो या चित्रकाराचे पांढऱ्या सैल कपड्यांतल्या विदूषकाचे चित्र बराच काळ याच नावाने ओळखले जाई.

मग गोष्ट मुलाला सांगायचीच नाही का? जरूर सांगावी, पण दुसऱ्या क्रमांकावर, आणि गोष्ट म्हणूनच. तिला कर्ता आहे, तिला साल आहे, हे सांगून. आणि सांगून झाल्यावर तिच्यातल्या फटी मुलाला शोधू द्याव्यात, कारण त्या शोधायला इतिहासाची पदवी लागत नाही. सोहळा ऑगस्टचा, मग उत्सव फेब्रुवारीत कसा? शहामृग आफ्रिकेतले, पेरूतल्या इंकाने ते कुठून आणावे? पोशाखावरचे काळे-पिवळे-लाल रंग बेल्जियमच्या झेंड्याचे, आणि बेल्जियम हा देशच १८३० चा. मुखवट्यावरच्या त्या ठिपक्यासारख्या दाढीची आणि वळलेल्या मिशांची फॅशन तिसऱ्या नेपोलियनच्या काळातली, एकोणिसाव्या शतकातली. दहा वर्षांचे मूल या चार प्रश्नांपैकी दोन तरी स्वतः विचारील, आणि पुस्तकात छापलेली गोष्ट चुकीची निघते याचा आनंद त्याला मूळ गोष्टीपेक्षा मोठा असेल. ‘हिवाळ्याला हाकलण्यासाठी’ या दुसऱ्या लाडक्या उत्तराकडेही याच संशयाने पाहावे. लाकडी जोड्यांची दणदण जमिनीला जागे करते, काटक्यांची जुडी थंडीला झाडून काढते, असे हौशी आणि विद्वान दोघांनीही लिहिले आहे. असेलही. पण युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक मुखवट्याच्या खाली हीच ओळ छापलेली असते. आणि जे उत्तर सगळीकडे चालते, त्याने बँशबद्दल वेगळे असे काहीच कळत नाही. पेंढा कोण भरतो, हे उत्तर फक्त बँशचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लहान मुले मुखवट्यांना घाबरतात. कोकणात शिमग्याला संकासुर अंगावर धावून आला की आईच्या पदराआड शिरणारी पोरे कुणी पाहिली नाहीत? शेकडो एकसारखे, न हसणारे मेणाचे चेहरे तर मोठ्यांच्याही अंगावर काटा आणतात. इथे १९६९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ र्‍हीटा डी’व्रीस यांचा एक प्रयोग उपयोगी पडतो. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचे अत्यंत शांत मांजर होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ते आधी दाखवले, मग त्याच्या पुढच्या भागावर आडोसा धरून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. शेपटीकडचा भाग मुलांना सतत दिसत होता. मुखवटा दिसल्यावर तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना आता ते खरेच कुत्रे झाले असे वाटले. सहा वर्षांच्या बहुतेकांना मात्र पक्के ठाऊक होते, की मांजर ते मांजरच. म्हणजे लहानग्यांची भीती ही मूर्खपणाची नव्हे. त्यांच्या जगात वेश बदलला की माणूस बदलू शकतो. बँशमधली मुले या भीतीतून बाहेर येतात, कारण त्यांना बाप झील ‘झालेला’ एकदम दिसत नाही; पहाटे स्वयंपाकघरात त्याच्या सदऱ्यात पेंढा भरला जाताना दिसतो. तेव्हा चित्रफीत दाखवायची तर चौकातल्या मुखवट्यांपासून सुरू करू नये. आधी वेश चढताना, मग मुखवटा हातात धरलेला, मग चेहऱ्यावर, आणि लगेच उतरवतानाचे दृश्य. तीन-चार वर्षांच्या मुलाला मुखवटा न दाखवताही हा सगळा उत्सव सांगता येतो. त्याला संत्रे, ढोल आणि पेंढ्याचे पोट पुरते.

तिसरा प्रश्न आक्षेपाच्या रूपात मोठ्यांकडून येणार नाही, तो वर्गातल्या मुलीकडून येईल : मला झील होता येईल का? खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. बँशमध्ये जन्मलेल्या मुलीलाही येत नाही. बायका कपडे चढवतात, संत्री पुरवतात, पहाटेपासून राबतात. मंगळवारचा तो वेश मात्र पुरुषांचा. इथे शिक्षकाला मोह होतो तो विषय बदलण्याचा, किंवा ‘त्यांची परंपरा आहे बाळा’ म्हणून दार लावून घेण्याचा. पण ज्या मुलीला आपण नियमांवरूनच उत्सव शिकवायला निघालो, तिला नियमावर नापसंती दाखवण्याचाही हक्क द्यायलाच हवा. नियम समजणे आणि नियम पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवता येणे हेच कदाचित या सगळ्या खटाटोपातले सर्वांत अवघड काम आहे. परंपरा म्हटले की टीका थांबते असे बेल्जियममध्येही नाही. बँशपासून फार दूर नसलेल्या आल्स्त गावाचा कार्निव्हल २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आला होता. २०१९ च्या मिरवणुकीत ज्यू लोकांची विटंबना करणारे चित्ररथ निघाले. त्यावर मोठा वाद झाला, गावाने स्वतःच माघार घेण्याची भाषा केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनेस्कोने आल्स्तला यादीतून काढले. ‘कार्निव्हलमध्ये सगळे माफ’ ही सबब तिथेही चालली नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. सोंग कुणाचे घेतले जाते आणि त्याला कसे वाटते, हा प्रश्न त्या वयात नीट पोचतो.

आता वर्गात करायचे काय? कागदाचे झील करून त्यांची मिरवणूक काढावी, ही पहिली सूचना येईल, आणि ती मला पटत नाही. जो वेश गावाबाहेर पाऊल टाकत नाही, वर्षातून एकच दिवस अंगावर चढतो, त्याची स्नेहसंमेलनात रंगीत नक्कल करणे म्हणजे त्याच्याबद्दल जे सांगितले तेच पुसून टाकणे. त्याऐवजी वेश नको, त्याचा एखादा नियम घ्यावा. जुन्या ढगळ शर्टात पेंढा, नाहीतर चुरगळलेली वर्तमानपत्रे, भरून मुलांनी अर्धा तास चालावे, जिना चढावा, वाकून बूट बांधायचा प्रयत्न करावा. वजन आणि उकाडा काय असतो, हे शब्दांनी सांगावे लागणार नाही. वर्गातल्या सगळ्यांनी एकच, अगदी एकसारखा, साधा मुखवटा करावा, आणि एक दिवस कुणाचा चांगला झाला असे विचारायचे नाही असे ठरवावे. ढोल थांबला की सगळ्यांनी थांबायचे, वाजला की चालायचे. करंडीतून मोसंबी द्यायची, हातात, फेकायची नाहीत, कारण आपल्या शाळेच्या खिडक्यांना जाळ्या नाहीत; आणि मिळालेले परत देता येणार नाही, एवढी अट. नको असलेली भेट ठेवून घेणे मुलांना किती जड जाते, ते या खेळात दिसेल. पुढे कधी बेल्जियमला जाण्याचा योग आला तर बँशमध्येच १९७५ पासून कार्निव्हल आणि मुखवट्यांचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे जगभरचे मुखवटे काचेआड उभे आहेत. पण काचेआडचा मुखवटा न वाजणाऱ्या ढोलासारखा असतो. आधी ढोल ऐकलेला असेल तरच त्याचा उपयोग.

सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत आधीही विचारला जाणारा आक्षेप : एवढा व्याप परक्यांच्या उत्सवासाठी कशाला? जव्हार-मोखाड्यात बोहाडा असतो, त्यात रात्रभर देवदानवांची मुखवट्यांची सोंगे नाचवली जातात. मुंबई-पुण्याच्या किती मुलांना तो ठाऊक आहे? प्रश्न रास्त आहे, आणि बँश माहीत होणे हे बोहाडा माहीत नसण्याची भरपाई नाही. पण आपल्या घरच्या सणाबद्दल ‘असे का?’ विचारले की मुलाला उत्तर मिळते, ‘असंच असतं.’ परक्या गावाच्या नियमांबद्दल विचारले तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत, मोठ्यांनाही उत्तर ठाऊक नसते, आणि दोघांना मिळून शोधावे लागते. ही सवय एकदा लागली की ती बोहाड्यापाशीही पोचते : मुखवटा कोण करतो, सोंग नाचवण्याचा मान कोणत्या घराकडे, कोणाला तो नाही, आणि मुखवटे वर्षभर कुठे ठेवतात? यांतला एकही प्रश्न पुस्तकातल्या दोन ओळींतून सुचत नाही. काही घरांत हे उलट्या क्रमाने घडेल, बोहाड्याकडून बँशकडे; तेही चांगलेच.

मंगळवारी रात्री बँशच्या मोठ्या चौकात झील गोल करून नाचतात. चंद्र जवळजवळ नसतोच. उजेड असतो तो शोभेच्या दारूच्या रंगीत धुराचा आणि शेवटी आतषबाजीचा. पेंढा एव्हाना दबलेला असतो, लाकडी जोड्यांनी पाय सोललेले असतात, आणि पहाटेपासून उभे असलेले काही जण बुधवार उजाडेपर्यंत नाचत राहतात. मग घरी जायचे. नियम तोच : झील ढोलाशिवाय रस्त्यावर चालत नाही. सकाळी ज्याने दारातून नेले तोच ढोलवाला एकेकाला त्याच्या दाराशी सोडतो. दहाचे चार होतात, चाराचा एक, आणि शेवटचे दार लागते. इथवर ऐकत आलेले मूल आता अंथरुणावर उठून बसते आणि विचारते, “मग ढोलवाल्याला घरी कोण सोडतं?”